तीन रकान्यांची वही

७ जानेवारी १९५७, सोमवार

चाचणी प्रयोगशाळेतलं माझं टेबल आज दुसऱ्याला दिलं. कारखान्यात पेनिसिलिन तयार होतं आणि दीड वर्ष मी त्याची ताकद मोजत होते. आता सहा महिने सात माणसं मोजायची आहेत.

सातही परदेशी. सरकारी शिष्यवृत्तीवर आलेत. जूनपासून पुण्याच्या कॉलेजात औषधशास्त्र शिकायचं, पण इंग्रजी कच्चं, म्हणून त्याआधी आमच्या कुंपणाजवळच्या बरॅकीत पूर्वतयारीचा वर्ग. सकाळी इंग्रजी, दुपारी प्रयोगशाळेतलं काम. इंग्रजीचे मास्तर पुण्याहून यायचे ठरले होते. ते दोन दिवस आले आणि बसच्या धक्क्यांनी पाठ धरली म्हणून तिसऱ्या दिवशी आलेच नाहीत. प्रशिक्षण अधिकारी यशवंतराव यांनी मला बोलावलं.

"इंद्रायणीबाई, तुम्ही बी.एस्सी., पहिला वर्ग. इंग्रजी तुम्हाला येतं."

"वाचता येतं. बोलायची वेळ कधी आली नाही."

"त्यांच्यावरही आली नाही. जमेल तुमचं."

अट अशी: ८ जूनला कॉलेजचे तीन परीक्षक येऊन प्रत्येकाची तोंडी परीक्षा घेणार, इंग्रजीतून. पास होईल तो कॉलेजात. नापास होईल त्याची शिष्यवृत्ती बंद आणि हातात परतीचं तिकीट. दुसरी संधी नाही.

पहिल्याच दिवशी पन्नास गुणांची चाचणी घेतली. अबिसीनियाचा तेस्फाये ३१, इंडोनेशियाचा सुतोमो २७, बाकीचे वीसच्या पुढे. सर्वांत कमी अफगाणिस्तानच्या हेरातहून आलेला सखीदाद: ४. वय वीस, उंची साधारण सहा फूट, प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर, "यस." नाव विचारलं तरी "यस." चार गुण मी अक्षरासाठी दिले.

मत: सहा पास होतील.

१० जानेवारी, गुरुवार

बरॅकीत स्वयंपाकाला गोजाबाई आहे. पवना नदीपलीकडच्या पिंपळे सौदागरची, रोज चालत येते. तिने आज सगळ्यांची नावं विचारून घेतली.

"सखीदाद? बाप्याचं नाव सखी असतंय व्हय?"

मी म्हटलं, त्यांच्याकडे असेल.

"असंल. पर आमी सखूच म्हननार. आमच्या थोरलीचं बी नाव सखूच हाय, हाक मारायला सोपं."

सहा फुटी माणसाला सखू म्हटल्यावर सुतोमो ताटावर वाकून हसत होता. सखीदादला कारण कळलं नाही, पण वाढलं जास्त, एवढं कळलं. तो खूश होता.

१९ जानेवारी, शनिवार

आज जे पाहिलं ते जसंच्या तसं लिहिते.

गरम पाणी आणायला स्वयंपाकघरात गेले. गोजाबाई सखीदादला म्हणत होती, "सखू, तराजू आन." त्याने कोपऱ्यातला तराजू आणला. "वजन बघ पिठाचं." त्याने बघितलं. "कमी हाय का जास्त?" तो म्हणाला, "कमी."

मी दारातच थांबले. याच मुलाला बारा दिवस मी वर्गात तराजू, वजन, कमी, जास्त या चार गोष्टींची इंग्रजी नावं सांगते आहे आणि तो "यस" म्हणतो आहे.

"किती दिवस लागले याला हे शिकवायला?" मी विचारलं.

"शिकवलं कुटं? त्याला येतच हुतं की."

मी बोट दाखवत गेले. कागद. त्याने तोच शब्द जरा घासून म्हटला. दरवाजा. मेज. साबण. बर्फ. जखम. नमुना. गरम. हजार. प्रत्येक शब्द त्याच्या घरचा निघाला. दहा मिनिटांत एकोणीस. हे सगळे फारसी शब्द. दरबारातून, कचेरीतून आमच्याकडे आले आणि इतके रुळले की आम्ही त्यांचं गाव विचारणंच सोडून दिलं. त्याला ते गाव ठाऊक आहे, कारण तो तिथलाच.

म्हणजे वस्तू त्याला कळत होती. आमचा तिच्यासाठीचा शब्द कळत होता. फक्त इंग्रजी नाव कळत नव्हतं. आणि मी मधली पायरी सोडून थेट वरच्या मजल्यावरून हाका मारत होते.

शिपाई दत्तोबा म्हणाला, "बाई, पळत कुटं निघाला?" मी पळत नव्हते. पाणी थंड व्हायच्या आत वर्गात पोचायचं होतं.

(पाण्याचं भांडं स्वयंपाकघरातच राहिलं.)

२१ जानेवारी, सोमवार

सखीदादला एक वही दिली आणि तीन रकाने आखून दिले: पहिल्यात त्याचा शब्द, दुसऱ्यात आमचा, तिसऱ्यात इंग्रजी. सुतोमोलाही दिली. त्याच्या भाषेत गुरू आहे, भाषा आहे, राजा आहे, सगळं संस्कृत. तेस्फायेच्या भाषेत आमचं काही सापडलं नाही. तो म्हणाला, "मग मला दोनच रकाने द्या, मी पेन्सिल वाचवतो."

यशवंतराव वर्गात डोकावले आणि मला बाहेर बोलावलं.

"इंग्रजीच्या तासाला मराठी? परीक्षक पुण्याचे आहेत. हसतील आपल्याला."

"सर, त्याला वजन काय ते माहीत आहे. मी त्याला वस्तू शिकवत नाही, तिचं तिसरं नाव शिकवते."

"आणि तिसरं न शिकता दुसऱ्यावरच थांबला तर?"

"तर आकड्यांत दिसेल."

त्यांनी एक महिना दिला. पुरेसा आहे.

१६ फेब्रुवारी, शनिवार

चाचणी. सखीदाद १९. चारवरून एकोणीस, चाळीस दिवसांत. मी पेपर दुसऱ्यांदा तपासला; माझी चूक असेल असं वाटलं. नव्हती.

यशवंतरावांना आकडा दाखवला. ते म्हणाले, "हं." महिन्याची मुदत त्यांनी पुन्हा काढली नाही.

दुपारी सखीदादला विचारलं, औषधशास्त्रच का. तिन्ही भाषा एकत्र करून त्याने सांगितलं. हेरातच्या बाजारात बाटलीवर पेनिसिलिन असं लिहिलेलं असतं. आत खडूची पूड किती आणि औषध किती, हे कोणी मोजत नाही, कारण मोजता येणारा माणूस तिथे नाही. तो माणूस याला व्हायचंय. त्याला निरोप द्यायला चौकात दोनशे लोक आले होते, त्याला लॉरीत बसवलं, गळ्यात सुक्या मेव्याची माळ घातली. "बाई, लॉरी परत येते तर तीच चौक थांबते."

म्हणजे नापास होऊन परतला तर त्याच दोनशे लोकांसमोर उतरायचं. चौक मराठीत पुल्लिंगी आहे. मी दुरुस्त केलं नाही. का केलं नाही ते लक्षात येत नाही.

४ मार्च, सोमवार

चौदा थाळ्या वाया.

आमची चाचणी अशी असते: काचेच्या थाळीत जंतू वाढवायचे, मधे औषधाचा थेंब सोडायचा. औषध जिथवर पोचतं तिथवर जंतू मरतात आणि स्वच्छ वर्तुळ उमटतं. वर्तुळ मोठं, तर औषध जोरदार. थेंब मात्र मोजूनच सोडला पाहिजे, नाहीतर वर्तुळाला काही अर्थ नाही.

सखीदादला मी सकाळी तीनदा बजावलं होतं, "अंदाज करू नका. अंदाज अजिबात नको." तो गंभीरपणे "व्हय" म्हणाला. (त्याचं मराठी पूर्ण गोजाबाईचं आहे.) मी शेजारच्या खोलीतून परत आले तेव्हा मोजनळी धुऊन बाजूला ठेवलेली आणि हा चंचुपात्रातून सरळ थाळ्यांत औषध ओततोय. डाळीवर फोडणी घालावी तसं.

मी म्हटलं, "हे काय चाललंय? अंदाज नको म्हटलं होतं ना?"

"न्हाई केला बाई. बिलकुल न्हाई केला."

तो खरंच दुखावला होता. मग त्याने खिशातून फूटपट्टी काढली, मेजावर ठेवली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोट फिरवलं आणि म्हणाला, "अंदाजा." 

त्याच्या भाषेत अंदाजा म्हणजे माप. मोजणं. मी त्याला तीन वेळा बजावून सांगितलं होतं की मोजू नका.

मी हसले. वर्गात मी हसत नाही, पण हसले. तो आधी घाबरला, मग तोही हसला आणि मग सातही जण. चौदा थाळ्यांचा खुलासा नोंदवहीत लिहायला मला अर्धा तास लागला.

६ मार्च, बुधवार

नवा नियम: यादीतला प्रत्येक शब्द दोन्ही बाजूंनी तपासायचा. आवाज तोच म्हणून अर्थ तोच, असं धरायचं नाही. आजवरचे १६४ शब्द मी आणि सखीदादने पुन्हा तपासले. फसवे निघाले अकरा. यापुढे अशी चूक होणार नाही.

९ एप्रिल, मंगळवार

सखीदादचा रमजान चालू आहे. उन्हाचा कडाका, आज दुपारी बरॅकीत ३९ अंश. गोजाबाईला पटत नाही.

"आमची एकादस असली तर साबुदाना तरी असतोय. ह्याला पानी बी न्हाई. सखू, तुझा देव लई कडक हाय बाबा."

"तुमचा देव लई खातो," तो म्हणाला.

ती इतकी हसली की पदराने डोळे पुसले. पण पहाटेची भाकरी त्याला मिळावी म्हणून पिंपळे सौदागरहून ती हल्ली अंधारातच निघते. सौदागर म्हणजे व्यापारी हे त्याने तिला सांगितलं. तिला माहीत नव्हतं. जन्म त्या गावात गेला.

चाचणी: सखीदाद ३३, तेस्फाये ४४, सुतोमो ४१. तेस्फायेने विचारलं, "बाई, चांगलं आहे?"

मी म्हटलं, "ठीक आहे."

तो मागे वळून बाकीच्यांना म्हणाला, "बाईंचं ठीक म्हणजे पेढे वाटा."

मला हे असं चाललेलं माहीत नव्हतं. निकालाआधी शाबासकी देणं म्हणजे थाळी बघण्याआधी आकडा लिहिणं. ते मी करत नाही.

आई म्हणते, मी जेवताना फक्त बरॅकीबद्दल बोलते. दुसरं काही घडत नसेल, तर दुसरं काय बोलायचं?

२५ मे, शनिवार

सराव परीक्षा. परीक्षकाच्या खुर्चीवर यशवंतराव, कोट घालून. सहा जण व्यवस्थित गेले. सखीदादला त्यांनी विचारलं, जंतूंची थाळी कशी तयार करतात. हे तो झोपेतही सांगेल. पण कोट पाहून तो गोठला. एक मिनिट वीस सेकंद गप्प. मग म्हणाला, "व्हय."

यशवंतरावांनी मला बाजूला घेतलं. "शनिवारी पहिल्या जूनला कॉलेजला नावं पाठवायची आहेत. हा पडला तर वर्गाचं नाव जाईल. विचार करा."

वर्ग सुटल्यावर सखीदाद मेजाजवळ उभा राहिला. चौदा दिवस उरले होते. मला त्याला धीर द्यायचा होता, आणि धीर कसा देतात याचा मला सराव नाही. घरी वडील मला परीक्षेआधी जे म्हणत तेच आठवलं.

मी म्हटलं, "आता शिकस्त करा."

"शिकस्त?"

"हो. शिकस्त. दुसरा मार्ग नाही."

"बाई, हे तुमी म्हनता?"

"मीच म्हणते. मला वाटतं म्हणून म्हणते."

त्याने मान खाली घातली, छातीवर हात ठेवला आणि निघून गेला. शब्द लागला असावा. बरं झालं.

२७ मे, सोमवार

सखीदाद वर्गात आला नाही. सुतोमोने सांगितलं, खाटेवर बसून आहे, ट्रंकेला दोरी बांधलीय.

जेवणाच्या सुट्टीत गोजाबाई माझ्यापुढे उभी राहिली. "शनवारपासून भाकरीचा तुकडा मोडला न्हाई पोरानं. बाई, तुमी काय म्हनला त्याला?"

"कोणत्याही विद्यार्थ्याला म्हणते तेच."

"मग त्ये म्हननं बदला."

मी डबा बंद केला. पण माझं चुकलं कुठे? चांगलं झटून प्रयत्न कर म्हणून सांगितलं आणि त्याने सामान बांधलं. चौदा दिवसांचे कष्ट नकोत म्हणून जो घरी निघतो, त्याच्यासाठी मी साडेचार महिने घालवले. नमुना निवडण्यातच चूक होती.

सायकलवरून घरी येताना चिंचवडचं वळण चुकले. रोजचा रस्ता आहे. ऊन फार होतं.

२८ मे, मंगळवार

आजही नाही. मी बरॅकीच्या दारापर्यंत गेले आणि परत आले. ज्याने सोडायचं ठरवलं त्याला मनवणं माझं काम नाही.

यशवंतरावांना सांगावं लागलं. ते म्हणाले, "जायचंच असेल तर राजीनामा लिहून देऊ दे. कागद असल्याशिवाय तिकीट काढता येणार नाही." दत्तोबा निरोप घेऊन गेला. परत आला तो डोकं खाजवत. "बाई, राजीनामा म्हटल्यावर त्याचा चेहरा उजळला की. ट्रंकेवरच बसला लिहायला."

तर हे असं आहे. सुटका झाल्याचा आनंद. मला वाईट वाटत नाही, हे नोंदवून ठेवते.

२९ मे, बुधवार. सकाळी अकरा

घाईत लिहिते आहे, अक्षर खराब येईल.

यशवंतरावांनी बोलावलं. टेबलावर एक कागद. "मी याच्याकडे राजीनामा मागितला. हा बघा काय देतो."

कागद इंग्रजीत होता. मदतीशिवाय लिहिलेला, व्याकरणाच्या चुका दोनच. मराठीत त्याचा मजकूर असा:

"साहेब, मी राजी आहे. बाई म्हणाल्या, मी हरलो. बाई खोटं बोलत नाहीत, म्हणून मी सामान बांधलं. पण काल तुम्ही माझ्याकडे राजी असल्याचं पत्र मागितलंत. म्हणजे एक दार अजून उघडं आहे. हे माझं पत्र. मी परीक्षेला बसायला राजी आहे. मी प्रत्येक गोष्ट मोजेन. सखीदाद."

"तुम्ही त्याला हरलास म्हणालात?" यशवंतरावांनी विचारलं.

"कधीच नाही," मी म्हटलं आणि बरॅकीकडे निघाले. या वेळी पळतच गेले.

तो उठून उभा राहिला. मी म्हटलं, "वही." त्याने दिली. शेवटून दुसरं पान. पहिला रकाना: शिकस्त. दुसरा रकाना: शिकस्त. तिसऱ्यात इंग्रजीत: पराभव. आणि पुढे बारीक अक्षरात, "बाई म्हणतात, दुसरा मार्ग नाही."

आमच्याकडे शिकस्त म्हणजे प्रयत्नांची परमावधी, जिवाचं रान. त्यांच्याकडे शिकस्त म्हणजे मोडणं, हार. मी त्याच्या डोळ्यांत बघून सांगितलं होतं की हार पत्कर, दुसरा मार्ग नाही, आणि मला तसं वाटतं म्हणून सांगते.

दत्तोबाला नंतर विचारलं. तो म्हणाला, "हिंदी शिनेमात बी शिकस्त म्हंजी हारच की, बाई." मी सिनेमा बघत नाही.

मी यादीतले सगळेच्या सगळे शब्द दोन्ही बाजूंनी तपासले आणि ज्या एका शब्दावर त्याचं सगळं अवलंबून होतं, तो न तपासता हातात दिला. यादीतला नव्हता, वडिलांचा होता, म्हणून तपासावा असं वाटलंही नाही.

आणि त्याखाली पुढचा शब्द: राजीनामा. राजी म्हणजे कबूल, नामा म्हणजे पत्र. तिसऱ्या रकान्यात, इच्छा असल्याचं पत्र. तो बरोबर आहे. राजीचा अर्थ आमच्याकडेही तोच. त्याच्यापुढे नामा लावला की माणूस नोकरी का सोडतो, हे मला सांगता येत नाही.

मी खुलासा केला. सगळा, दोनदा. चूक माझी, असं तिन्ही भाषांत म्हटलं. त्याने वही परत घेतली आणि शिकस्तच्या ओळीवर बोट ठेवलं.

"म्हंजी मी हरलो न्हाई."

"नाही."

"मी लई कष्ट करायचे."

"हो."

"ते तर मी करतच हुतो, बाई."

गोजाबाई दारात होती. "आमच्यात उसना नेलेला तांब्या कधी सरळ परत आलाय व्हय? चेपूनच येतोय. शब्दाचं बी तसंच. ऊठ सखू, भाकरी खा."

ट्रंकेची दोरी तेस्फायेने सोडली.

२९ मे, दुपारी

यशवंतरावांना सगळं सांगितलं. ते चष्मा पुसत राहिले, मग म्हणाले, "इंद्रायणीबाई, मी कागद मागितला होता जाण्याचा. फाइलला लागला राहण्याचा. जाण्याचा कागद नसताना नाव कमी कसं करणार?" आणि सातही नावं पाठवली. त्यांचे ओठ हलत होते. माणूस हसू दाबत होता.

वहीतलं एक सकाळी लिहायचं राहिलं. अगदी शेवटच्या पानावर एकच शब्द आहे. पहिला रकाना: शाद बाश, म्हणजे आनंदी राहा. दुसरा: शाबास. तिसऱ्यात त्याचं इंग्रजी. आणि समोर पेन्सिलीने: "बाईंनी अजून वापरला नाही."

४ जून, मंगळवार

रोज दोन तास कोटाचा सराव. यशवंतराव स्वतः येऊन बसतात, कोट घालतात, भुवया चढवतात. परवा त्यांनी चक्क पुणेरी परीक्षकाची नक्कल केली. सखीदाद आता गोठत नाही. काल त्याचं पहिलं वाक्य सात सेकंदांत आलं, आज तीन सेकंदांत. गोजाबाई पडवीतून विचारते, "पास हाय का न्हाई?" आणि सात जण एकदम ओरडतात, "व्हय!" कुंपणापलीकडून बायलर विभागातले लोक बघायला येतात.

झोप साडेपाच तास. भूक कमी. हवेतला दमटपणा असावा.

८ जून, शनिवार

तीन परीक्षक साडेनऊला आले. मला मागे बसायची परवानगी होती, बोलायची नाही.

सखीदाद शेवटचा. सर्वांत वयस्क परीक्षकांनी जंतूंची थाळी पुढे केली आणि इंग्रजीत विचारलं, हे मधलं स्वच्छ वर्तुळ कसलं. त्याने सांगितलं. सावकाश, पण पूर्ण: जंतू, थेंब, औषध कुठवर पोचलं, का पोचलं. मी त्याच्याबरोबर मनात एकेक वाक्य म्हणत होते.

"वर्तुळ साधारण केवढं असेल?" त्यांनी विचारलं.

तो थांबला. तीन सेकंद. पाच. आठ.

"प्रश्न कळला ना?"

"व्हय सर," तो घाबरून म्हणून गेला.

परीक्षकांनी चष्म्यावरून बघितलं. त्यांना गंमत वाटली आणि दयाही आली असावी, कारण ते मराठीतून म्हणाले, "बरं, अंदाजे सांगा हो. अंदाजे."

मी खुर्चीची कड घट्ट धरली.

सखीदादचा चेहरा बदलला. ओळखीचं माणूस गर्दीत दिसावं तसा. त्याने खिशातून फूटपट्टी काढली आणि इंग्रजीत बोलला, एकही चूक न करता: "सर, तुमच्या भाषेत अंदाज म्हणजे तर्क. माझ्या भाषेत तोच शब्द म्हणजे माप. प्रयोगशाळेत मी माझी भाषा वापरतो." थाळी उजेडाकडे धरली, पट्टी लावली. "साडेबावीस मिलिमीटर."

 मग त्या वयस्क परीक्षकांनी हात पुढे करून पट्टी मागितली, स्वतः मोजलं आणि शेजारच्यांना म्हणाले, "साडेबावीसच आहे."

माझ्या नाडीचे ठोके १०४. खोलीत चढायला जिना नाही.

१४ जून, शुक्रवार

निकाल. सातही पास. सखीदाद पाचवा.

वर्गात आकडे वाचून दाखवले. सखीदाद माझ्याकडे बघत होता, बाकी सहाही बघत होते. मी म्हटलं, "ठीक आहे." तेस्फायेने डोक्याला हात लावला. मला पुढचं बोलायचं होतं. मी फळा पुसायला घेतला.

१९ जून, बुधवार

आज ते पुण्याला गेले. पुढच्या तुकडीची यादी यशवंतरावांनी कालच हातात ठेवली: नऊ जण, त्यांत दोघे इराणचे. "प्रयोगशाळेतलं तुमचं टेबल रिकामं झालंय, परत जाणार का?" असंही विचारलं. मी म्हटलं, एका नमुन्यावरून पद्धत सिद्ध होत नाही, पुन्हा करून बघावी लागेल. ते म्हणाले, "म्हणजे राजीनामा द्या. सखीदादसारखा."

मी एका ओळीत लिहून दिला: मी राजी आहे.

गोजाबाईने सात पुरचुंड्या बांधल्या होत्या. सखीदादची मोठी होती. "तितं कोन सखू म्हनंल रं तुला," एवढं म्हणून ती चुलीकडे गेली ती बाहेर आलीच नाही.

बसमध्ये चढण्याआधी सखीदादने तीन रकान्यांची वही माझ्याकडे दिली. "इरानवाल्यांना लागंल. आमचंच बोलतात, जरा नाकात." मी घेतली. तो चढला. बस सुरू झाली, गेटकडे वळली.

मग मी म्हटलं. बसच्या आवाजात पोचलं नसावं असं वाटलं, म्हणून दुसऱ्यांदा मोठ्याने म्हटलं. बहुतेक तिसऱ्यांदाही. दत्तोबा म्हणतो, दिघीपर्यंत ऐकू गेलं असेल. मागच्या खिडकीतून एक लांब हात बाहेर आला, त्यात फूटपट्टी होती.

वर्गात परत येऊन वहीचं शेवटचं पान उघडलं. त्याची पेन्सिलीची ओळ खोडली आणि शाईने लिहिलं:

शाबास. वापरला. १९ जून १९५७, दुपारी चार वाजून दहा मिनिटे.